डाळीचं कूट

आई गेली तेव्हा दिवाळीची सुट्टी संपत आली होती. शाळा सुरू झाली त्या सकाळी मी पोळीभाजीचा डबा भरला, पाण्याची बाटली घेतली आणि ओट्यापाशी उगाच थांबले. तिथे रोज आणखी एक लहान डबा ठेवलेला असे. छोट्या सुट्टीचा.

मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. मला बरीच वर्षं मधुमेह आहे. सकाळी इन्सुलिन घेते, त्यामुळे दहाच्या सुमारास थोडं काहीतरी पोटात जावं लागतं, आणि ते साखर एकदम चढवणारं असून चालत नाही. वर्तकनगरच्या घरात आम्ही दोघीच होतो. स्वयंपाकघर आईचं आणि बाहेरच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट माझं, ही वाटणी कधी झाली ते आठवत नाही. लहान डब्यात कधी मुगाचं धिरडं असे, कधी मटकीची उसळ, कधी काकडीची कोशिंबीर.

यंदा जूनमध्ये वर्गात एक मुलगी आली. तिला शेंगदाणे, काजू, बदाम यांतलं काहीच चालत नाही. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिच्या अंगावर गांधी उठतात आणि श्वास कोंडतो. मुलं छोट्या सुट्टीत वर्गातच डबे खातात, म्हणून वर्गात दाणे आणायचे नाहीत असं ठरलं. नियम मलाही होता. मुलगी स्वतःच्याच डब्यातलं खायची, पण शेजारी बसू पाहणाऱ्याचा डबा आधी तपासायची. परीक्षेतल्या पर्यवेक्षकाच्या गंभीरपणाने विचारायची, "यात काय आहे?" उत्तर पटलं की बाकावर सरकून जागा द्यायची. मला ती जागा बहुतेक रोज मिळायची.

आई गेल्यावर बिल्डिंगमधल्या बायकांनी मला उपाशी राहू दिलं नाही. मी मुळात अबोल. त्यांनाही सांत्वनापेक्षा डबा आणून देणं सोपं जात असावं. शाळेतला नियम मी सगळ्यांना सांगितला होता. समोरच्या वहिनींनी कोशिंबीर आणली तेव्हा तरीही एकदा विचारून घेतलं.

"अगं, दाणे नाहीत यात," त्या म्हणाल्या. "चवीपुरतं कूट आहे फक्त."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आपल्या घरांतून कूट हे मीठमोहरीच्या रांगेत बसतं. त्याला दाणे कोण म्हणतं? चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी खास शुगरवाल्यांसाठी लाडू दिले, त्यात साखरेऐवजी खजूर होता आणि वर बदाम. यातलं काहीच शाळेत नेण्यासारखं नव्हतं. मी पिशवीत बिस्किटं टाकू लागले आणि मुलांपासून लांब, माझ्या टेबलापाशी खाऊ लागले, कारण पुड्यावर बारीक अक्षरात काजूचा उल्लेख होता.

बिस्किटांनी साखर चढायची आणि थोड्या वेळात तशीच खाली यायची. एकदा गणिताच्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता हात कापू लागला. खडू पडला. पर्समधली साखरेची पुडी तोंडात टाकून मी खुर्चीवर बसले. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. छोट्या सुट्टीत मी शिक्षकखोलीत बसून हवं ते खावं, वर्गात दुसऱ्या बाई थांबतील. वाटलं तर वर्षअखेरपर्यंत वर्गच त्यांच्याकडे देता येईल. त्या मायेनेच सांगत होत्या. पण दिवसभरात तेवढाच वेळ असा होता की कोणी माझ्याशी जपून बोलत नसे. पडलेला दात, जिन्याखाली व्यालेली मांजर, कोणाच्या घरी आलेली नवी काकू, हे सगळं मला तिथे कळायचं. तो वेळ गेला असता तर घर आणि शाळा दोन्हीकडे सारखीच शांतता झाली असती. मी आठवडाभराची मुदत मागून घेतली.

फुटाणे सुचले याचा मला आनंद झाला होता. शाळा सुटताना त्या मुलीची आई फाटकापाशी भेटली, म्हणून तिला विचारलं. तिने फुटाणे कुठून आणले ते विचारलं. भट्टीवरून, मी म्हटलं. ती ओशाळून हसली. भट्टीवर ज्या वाळूत दाणे भाजतात त्याच वाळूत फुटाणे भाजतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तुमच्या आईंनाही मी हेच सांगितलेलं," ती म्हणाली. "जूनमध्ये भाजीबाजारात भेटल्या होत्या. त्या म्हणाल्या, मग मी घरीच भाजते."

घरी येऊन मी फडताळातला कुटाचा डबा काढला. दाण्याचं कूट समजून आई गेल्यावर तो मीच मागे सारला होता. उघडला. दाण्याचं कूट तेलकट असतं, बोटाला धरतं. हे कोरडं होतं, पिवळसर. चणाडाळीचं. म्हणजे जूनपासून माझ्या प्रत्येक कोशिंबिरीत हेच होतं; मला वाटायचं, शाळेच्या डब्यात ती कूट घालतच नाही. जन्मभर दाण्याच्या कुटाशिवाय भाजी न केलेल्या बाईने मला एका शब्दानेही ते कळू दिलं नव्हतं.

रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत मी वाचत असताना आतून कढईत झारा फिरल्याचा आवाज यायचा, संथ, न थांबणारा. तो आता ओळखू आला. मी डाळ भिजवली, पंच्यावर पसरून कोरडी केली आणि भाजायला घेतली. पहिली खेप बाहेरून करपली आणि आतून कच्ची राहिली. दुसऱ्या खेपेला मी तो आवाज आठवून झारा फिरवला. आच आपोआप कमी केली गेली.

आईने केलेलं कूट मी शाळेत नेलं नाही. ठेवलं असतं तर खवट झालं असतं. एका संध्याकाळी काकडी चोचवून त्यात दही घातलं आणि ते सगळं संपवलं. मग डबा धुऊन, पुसून त्यात माझं भरलं. वहिनींचा डबा रिकामा परत द्यायचा नव्हता, म्हणून त्यात थोडी भाजलेली डाळ घातली. त्यांनी चाखून पाहिली. छान झालीय म्हणाल्या, पण यात चार दाणे टाकलेस ना, तर बहार येईल.

सोमवारी छोट्या सुट्टीत मी लहान डबा घेऊन त्या बाकापाशी गेले. मुलीने मान वर केली.

"बाई, यात काय आहे?"

"चणाडाळ, मीठ, हळद."

"भट्टीवरची?"

"नाही. घरी भाजली."

"कोणी?"

"मी."

तिने डब्यात वाकून पाहिलं, जरा विचार केला, आणि आपला डबा उचलून बाकावर सरकली.