एकट्याचं 'नाही'

विधानसभेत लघुलेखिका म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. एका अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मंत्री-आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक आलं. रोज एकमेकांवर ओरडणारे दोन्हीकडचे सदस्य एकदम गप्प झाले. कुणी चर्चाही मागितली नाही. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे," अध्यक्ष म्हणाले आणि सगळं सभागृह "होय" म्हणालं. "प्रतिकूल?" मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या आमदारांनी तेवढं "नाही" म्हटलं. विधेयक संमत झालं.

आपल्यासारख्यांचा पगार दुसरं कोणीतरी ठरवतं आणि आपण वाट बघतो. इथे मागणारे आणि देणारे शेजारीशेजारी बसतात. हे इतक्यांदा लिहून घेतलं होतं, की आता रागही येत नव्हता.

जिन्यात ते आमदार भेटले. "बाई, माझं 'नाही' लिहिलंत का?"

"आवाजी मतदानात एकेकाचं मत नोंदवत नाहीत, साहेब."

"पण ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग झालं," म्हणत ते कठड्याला धरून सावकाश खाली उतरले. मी वर जाऊन टाइप केलं : विधेयक संमत झाले. ओळ खरीच होती, तरी ते 'नाही' तिच्यात कुठेच नव्हतं.