देवीचा नगारा आणि आमचा मान

काठीचं एक टोक देवळाच्या गड्याच्या हातात, दुसरं माझ्या हातात. माझ्या डोळ्यांवर फडकं. मागे माझा बाप, त्याच्याही डोळ्यांवर फडकं. त्याने माझ्या बंडीचा काठ घट्ट धरलेला. दोघेही धडधाकट डोळ्यांचे पुरुष, आणि भर सकाळी देवीच्या आवारातून आंधळ्यांसारखे चाचपडत चाललो होतो. दोन्ही बाजूंना उत्सवाची गर्दी होती. कुणीतरी ओरडलं, "अरे, घाण्याचे बैल आले! घाणा कुठंय?" आणि सगळं आवार हसलं. बायका हसल्या, पोरं हसली. माझा बापही थोडा हसला. ते मला अजून सोसत नाही.

हे कल्याणातलं आहे. गावात आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही जातीने ढोर, कातडं कमावणारे. पेठेतल्या देवीच्या नवरात्रात जो तांब्याचा मोठा नगारा वाजतो, तो मढवायचं काम आमच्या घराकडे. घट बसायच्या आधी नगारा देवळाच्या दरवाजाबाहेर चिंचेखाली आणून ठेवत. म्हशीचं कातडं चुन्यात भिजवून, केस खरवडून आम्ही तयार ठेवलेलं असायचं. ते चामड्याच्या वाद्यांनी ताणून आम्ही चढवायचो. शेवटची गाठ बसली की आम्ही वीस पावलं मागे सरायचं. मग नगाऱ्यावर गोमूत्र शिंपडायचं आणि तो आत न्यायचा. त्या क्षणापासून आमची सावलीसुद्धा त्याला चालत नसे. गरज सरो, वैद्य मरो. पण आमच्या घरात याला मान म्हणत. "देवीचा नगारा आपल्या हातचा," हे बा आल्यागेल्याला सांगायचा. सोयरीक जुळवताना सांगायचा. त्या एका मानावर आम्ही बाकीच्या घरांपेक्षा दोन बोटं उंच चालायचो.

त्या वर्षी सहाव्या माळेला पाऊस लागून राहिला. ओल धरून कातडं सैल पडलं. नेमका त्याच दिवशी ठाण्याहून साहेब उत्सव बघायला यायचा होता. गावातल्या थोरामोठ्यांना तळ्याच्या पायऱ्या सरकारकडून बांधून हव्या होत्या. म्हणून गाव किती जुनं, इथले रिवाज किती प्राचीन, हे साहेबाला दाखवायचं होतं.

देवळाचा कारभारी सकाळीच आमच्या वस्तीपाशी आला. लांबच उभा राहिला आणि हाका मारू लागला.

"नगारा बसलाय. साहेबासमोर भद्द वाजला तर गावाची अब्रू जाईल."

बा हात जोडून म्हणाला, "खाली आनून द्या, म्हाराज. घटकेत ताणून देतो."

"घट बसल्यावर नगारा जागचा हलत नाही."

मग कारभाऱ्याने आभाळाकडे पाहिलं, अंगठ्याचं नख चावलं. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो. मनाशी काहीतरी जुळवून तो म्हणाला, "तुम्हीच आत या. मात्र देवीवर तुमची नजर पडता कामा नये. डोळे बांधून या."

कुठल्या पोथीत नव्हतं, कुठल्या पंचाने ठरवलं नव्हतं. नख चावता चावता सुचलेलं होतं.

मी म्हटलं, "बा, नको जाऊया."

बा माझ्यावर खेकसला. "आरं येड्या, आत बोलावलंय आपल्याला. तुज्या आज्याच्या नशिबी न्हवतं ते." त्याचे डोळे भरून आले होते. त्याने धुतलेलं धोतर नेसलं, कपाळाला कुंकू लावलं आणि आपल्याच डोळ्यांवर आपल्या हाताने फडकं बांधलं. गाठ सैल तर नाही ना, हे मला दोनदा बघायला लावलं.

नगारखाना आवारात आतल्या अंगाला, वर. दगडी जिना, कठडा नाही, पावसाने शेवाळलेला. सहा-सात पायऱ्या चढलो असू, तोच माझ्या बंडीला हिसका बसला आणि सुटला. मागे धप्प आवाज झाला. बाचा आवाज मी ओळखला, तो कण्हतानासुद्धा मान राखून होता.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी लगेच फडकं काढलं नाही. मी उभा राहिलो. कुणीतरी उचलेल म्हणून वाट पाहिली. एवढी माणसं, त्यातलं एक तरी पुढे होईल. खालून आवाज आला, "काठी द्या रे त्याला, काठी." दुसरा म्हणाला, "सांभाळून, शिवेल तुला तो." तेव्हा मी फडकं ओढलं.

बा खाली दगडांवर पडला होता. कपाळ फुटलं होतं. दोन्ही हातांनी जमीन चाचपत होता, आणि फडकं मात्र तसंच ठेवलं होतं. भोवती दोन हात जागा सोडून लोकांनी गोल केला होता. त्यांच्या पलीकडे मांडवात जाजमावर खुर्ची, खुर्चीत साहेब, गळ्यात हार. साहेब लवकरच आला होता. तो अर्धवट उठला होता, कारभारी त्याला वाकून काही समजावत होता, आणि साहेब परत बसला. त्याच्या पायात गुडघ्यापर्यंत काळेभोर बूट होते. चांगल्या कमावलेल्या कातड्याचे. मला कातडं कळतं.

लोक मला विचारतात, देवी दिसली का? नाही दिसली. ती माझ्या पाठीकडे होती.

कारभारी किंचाळला, "डोळे झाक आधी! विटाळ होईल!"

मी बुटांकडे बोट केलं. "साहेबाच्या पायात काय हाय, म्हाराज?"

  उत्तर आलं ते माझ्या बापाकडून, जमिनीवरून. "डोले झाक, पोरा. मान जाईल रं आपला."

मी त्याला खांद्यावर घेतलं. तो पाठीवर बुक्क्या मारत होता, परत चल म्हणत होता. मी नगाऱ्याला हात न लावता दरवाजाबाहेर आलो. गर्दी आपोआप फाटत गेली. शिवेल म्हणून.

यातून काय झालं? काही झालं नाही. दुपारच्या आत माझा चुलता डोळे बांधून गेला आणि नगारा ताणून आला. आपलेच दात, आपलेच ओठ. आम्ही वस्तीत बसून नगारा ऐकला. चांगला खणखणीत वाजला. बा भिंतीकडे तोंड करून रडला. कपाळाचं दुखणं नव्हतं ते. पुढच्या भादव्यात तो गेला. शेवटच्या दिवसांतही एकच विचारायचा, "नगारा कोनी मढवला?"

मान लाथाडला म्हणून जातीने आमचं हुक्का-पाणी बंद केलं. मेलेलं जनावर आमच्या दारी येईनासं झालं. चुन्याची कुंडी कोरडी पडली. मी आगगाडीच्या शेडात कोळसा ओढायला लागलो. हातांना आता कातड्याचा वास येत नाही, कोळशाचा येतो. पाणी अजून कुणीतरी वरून ओततं तेव्हाच पितो.

आणि डोळे बांधायचं? ते सुटलं नाही. साहेबाला तो प्रकार फार आवडला म्हणे. पुढच्या वर्षी ऊन पडलेलं, कातडं ताठ, चिंचेखालीच काम झालेलं. तरी चुलत्याला सहाव्या माळेला डोळे बांधून आत फिरवलं. तिसऱ्या वर्षी आसपासच्या गावांतून लोक खास ते बघायला आले. आता पुजारी पाहुण्यांना सांगतो, हा रिवाज पेशवाईपासूनचा आहे, देवीनेच दृष्टांत दिला होता. परवा ठाकुर्लीचा एक म्हातारा मला म्हणाला, माझ्या लहानपणीही असंच असायचं. शपथेवर म्हणाला. मी काय बोलणार? तो रिवाज जन्मला तेव्हा मी समोर उभा होतो. तो एका माणसाच्या नखातून निघाला. मग मला दुसरं कोडं पडलं. बाकीचे सगळे रिवाज कुणाच्या नखातून निघाले असतील? शिवाशिव, पाणी, वीस पावलं मागे सरणं? तेव्हा समोर कोण उभं होतं? ते गप्प का राहिले? त्या विचाराने मी आठवडाभर झोपलो नाही.

आता चुलत्याचे हात थकले. यंदा त्याची बोटं गाठ धरत नाहीत. देवळातून सांगावा आला आहे, "झालं गेलं विसरलो. मान तुमच्याच घराचा, परत घ्या." जात म्हणते, घे, आम्हीही तुला परत घेतो. माझी पोरगी लग्नाला आली आहे. भिवंडीचं स्थळ आहे, पोरगा चांगला आहे, आणि तिकडच्यांनी एकच अट घातली आहे: मी मान परत घ्यायचा.

बायको पाया पडली. "एक दिस डोले बांदायचं. एकच दिस. पोरीचा जल्म मार्गी लागंल."

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "तुजा बाप बरा हुता तुज्यापरीस."  पोरगी त्या दिवसापासून माझ्याशी बोलतच नाही. भाकरी पुढ्यात सरकवते आणि आत जाते. स्थळ गेलं. दुसरं येईल असं मला वाटत नाही.

कुणीतरी जाईलच. आमच्यात भुका कमी नाहीत. घट बसतील, नगारा वाजेल, लोक हसतील, पुजारी पेशवाई सांगेल. माझ्या नकाराने देवळाचा एक चिरा हलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पोरीचं घर मोडून मी काही जिंकलो नाही. तरीही मी जाणार नाही. आणि जो कुणी जाईल, त्याच्या दारात मी आदल्या दिवशी जाऊन बसेन. त्याला तोंडावर सांगेन की हा मान नाही, तू जातोस तिथे माझा बाप पडला होता आणि त्याला कुणी उचललं नाही. त्याने हाकललं तर पुढच्या वर्षी परत जाईन.