पंख्याआडची हाक

शुक्रवार पेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरात बाथरूमचा दिवा आणि एक्झॉस्ट फॅन एकाच बटणावर होते. दिवा लावला की पंखा खडखडायला लागायचा, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. हे होते तेव्हा आम्ही त्यावर हसायचो. हे वारले आणि दुसऱ्याच महिन्यात सासूबाई आत घसरून पडल्या. त्यांनी मारलेल्या हाका मला ऐकू आल्या नाहीत. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते. हाड मोडलं नाही एवढंच. त्या दिवसापासून त्या आंघोळीला गेल्या की मी दाराला कान लावून उभी राहायचे. ऐकू यायचा तो पंखाच.

नवा आणायचा तर अडचण होती. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही, हा सासूबाईंचा नेम. बादली फुटली तेव्हा तीसुद्धा त्यांनी शेजारून मागून आणायला लावली होती.

एका रविवारी रद्दी काढताना माळ्यावर एक खोका सापडला. आत एक्झॉस्ट फॅन, अजून न उघडलेला. खोक्यावर ह्यांच्या अक्षरात बाथरूमच्या झरोक्याचं माप लिहिलेलं. बसवायचा राहूनच गेला होता. खोका उराशी धरून मी शिडी उतरले आणि सासूबाईंपुढे ठेवला.

"हा चालेल का?"

त्या नाही म्हणाल्या असत्या तर वाद घालायचं बळ माझ्यात नव्हतं. त्यांनी खोक्यावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"त्यानं आणलाय न्हवं? मग नवा कसला? बसीव की."

खाली राहणाऱ्या घरमालक चाचांना हाक मारली. त्यांनी मेन स्विच बंद केला, जुना पंखा उतरवून दिला आणि स्टूल धरून उभे राहिले. मी माहितीपत्रक दुसऱ्यांदा वाचत होते.

"मॅडम, उद्या परीक्षा हाय का? चढा की वर!"

आयुष्यात पहिल्यांदा पंखा बसवला. चाचांनी वायर जोडली, मेन स्विच लावला, बटण दाबलं. खडखड नाही! फक्त हलकी सूं सूं. मी स्टुलावरच टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात भाजलेल्या दाण्यांचा आणि लसणाचा वास बाथरूमभर पसरला.

"ही तर आमच्या घरातली शेंगाचटणी!" चाचा म्हणाले.

त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर खाली. पंखा बाहेरची हवा आत ओढत होता. पंख्यावरच्या छापील अक्षरांची बाजू मी आपल्याकडे केली होती, ती वाचता यावीत म्हणून.

"अवो, ती अक्षरं बाहेरच्या अंगाला पायजेत! न्हाताना काय वाचणाराय?"

दारात उभ्या सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच.

पंखा उलटा फिरवून बसवला. सासूबाई लगेच टॉवेल घेऊन आत गेल्या. मी मुद्दाम दारापासून दूर, माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. पुस्तक मिटलेलंच. तांब्याचा आवाज आला, पाण्याचा आला, आणि मग हाक आली.

"अगं ए! येतंय का ऐकू?"

"येतंय, आई! स्पष्ट येतंय!"

"मग बसलीस काय? साबण दे, हितली वडी संपलीय."

मी साबण घेऊन धावले.