लंब्याची चावी

ऑफिसात त्याला सगळे कुलूप म्हणत. हे नाव लंब्याने ठेवलं होतं, आणि लंब्याने ठेवलेलं नाव सहसा पुसलं जात नसे.

दूरदूरच्या रक्तपेढ्यांमध्ये, मागच्या खोलीत, खोक्यांच्या आड एकेक सर्व्हर असतो. आपल्या पेढीत कोणत्या गटाचं रक्त किती शिल्लक आहे ते तो बाकीच्या सर्व्हरना सांगत राहतो. हे सगळे सर्व्हर एका छोट्या कंपनीकडे होते आणि कंपनीत ते याच्याकडे. पासवर्ड टाकून आत शिरायची सोय त्याने सगळीकडून काढून टाकली होती. “पासवर्ड लोक भिंतीवर चिकटवतात,” तो म्हणायचा. आत जायचं तर चावी हवी. चावी म्हणजे एक फाइल. तिचा एक भाग सर्व्हरवर नोंदलेला असतो आणि दुसरा माणसाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. दोन्ही जुळले तर दार उघडतं, नाहीतर प्रत्यक्ष देव आला तरी बाहेर.

नोकरीला लागला तेव्हा तो बसने हिंडत असे. पाठीवरच्या बॅगेत कीबोर्ड आणि स्क्रू-ड्रायव्हर. कुठल्या पेढीतली बाई चहा देते आणि कुठला शिपाई किल्ली घेऊन गायब होतो, हे त्याला पाठ होतं. मग लंब्या आला. नावाप्रमाणे उंच, बोलघेवडा, आणि हिंडण्याचा भयंकर कंटाळा. दोघांनी मिळून अशी व्यवस्था बसवली की ऑफिसातल्या एका मुख्य सर्व्हरवर हुकूम लिहायचा आणि तो बाकीच्या सगळ्यांपर्यंत आपोआप पोचायचा. बस सुटली. माणसंही सुटली. लंब्यानंतर कंपनीने कोणाला घेतलंच नाही, कारण गरज उरली नव्हती.

वर्षापूर्वी लंब्या गेला. दुपारी घरूनच काम करत होता, दुचाकीत पेट्रोल भरून येतो म्हणून उतरला आणि पंपावरच छाती धरून खाली बसला. कुलूप अंत्ययात्रेला गेला, पण त्यानंतर त्या घराची पायरी चढला नाही. लंब्याचा लॅपटॉप घेऊन ये, असं कंपनीने दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो “आणतो” म्हणाला.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी संध्याकाळी सहाला सगळ्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रांची मुदत संपत होती. ही प्रमाणपत्रं दाखवूनच सर्व्हर एकमेकांना ओळखतात. मुदत संपली की ओळख संपते, आणि रक्त शोधणाऱ्याला समोरच्या पडद्यावर फक्त स्वतःच्या पेढीतल्या पिशव्या दिसतात. नवी प्रमाणपत्रं तयार होती. ती सगळीकडे पोचवायची एवढंच काम होतं, जेमतेम एका चहाच्या वेळेचं.

त्याआधी, सकाळीच, त्याने आणखी एक काम हातात घेतलं. तपासणीला आलेल्या माणसाने जुन्या चाव्या काढून टाका असा शेरा मारून ठेवला होता. त्याने चाव्यांची यादी उघडली. कधीच नोकरी सोडून गेलेल्या जुन्या साहेबाची ओळ काढली. खाली दोन उरल्या, एक स्वतःची आणि शेवटची लंब्याची. लंब्याच्या ओळीवर तो थोडा वेळ थांबला. मग ‘ही नंतर काढू’ असं ठरवून त्याने हुकूम लिहिला: यादीतल्या चाव्या ठेव, बाकीच्या उडव.

यंत्राने सांगितलं तसंच केलं, फक्त एका वेळी एक ओळ घेऊन. आधी त्याची चावी ठेवली आणि बाकीच्या उडवल्या. मग लंब्याची चावी ठेवली आणि बाकीच्या उडवल्या. या दुसऱ्या खेपेला बाकीच्यांत तो स्वतः होता. लंब्याची ओळ काढायचा कठोरपणा त्याने दाखवला असता तर शेवटची चावी त्याचीच उरली असती आणि काहीच बिघडलं नसतं.

हे लगेच कळलं नाही. आधीच उघडलेली दारं काही वेळ उघडीच राहतात. चारच्या सुमारास तो निवांत खाली जाऊन चहा पिऊन आला. परत आल्यावर पहिल्या सर्व्हरने सांगितलं, परवानगी नाही. दुसऱ्यानेही तेच. मग त्याने मुख्य सर्व्हरचं दार वाजवलं, कारण सगळे हुकूम तिथूनच जातात. परवानगी नाही. मान खाली घालून त्याने सकाळचा हुकूम पुन्हा वाचला.

त्याने साहेबांना फोन लावला.

“किती सर्व्हर गेले?” साहेबांनी विचारलं.

“सगळे.”

“सगळे म्हणजे?”

“सगळे म्हणजे सगळे, साहेब. गेले नाहीत, चालू आहेत. आपण आत जाऊ शकत नाही.”

“मग कोण जाऊ शकतं?”

त्याने यादीतली शेवटची ओळ पुन्हा पाहिली.

“अरे, कोणाची तरी चावी असेल ना!”

“लंब्याची आहे.”

फोनवर दार लावल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “सहा वाजेपर्यंत झालं नाही तर मी तुला काय सांगणार आहे ते तुला माहीत आहे. मला सांगायला लावू नकोस.”

प्रत्येक पेढीत जाऊन, कीबोर्ड जोडून दार आतून उघडता येतं. पण त्याला कित्येक आठवडे लागले असते. दुसरा रस्ता लंब्याचा लॅपटॉप. त्यातल्या चावीलाही पासवर्ड होता, आणि तो लंब्याबरोबर गेला. आशा एकाच गोष्टीवर होती. पासवर्ड एकदा दिला की लॅपटॉप बंद होईपर्यंत चावी खुली राहते, आणि लंब्या इतका आळशी की तो लॅपटॉप कधी बंदच करत नसे. वर्षभरात कोणी केला असेल तर खेळ खलास.

लंब्याच्या बायकोचा फोन वाजत राहिला. दोनदा, तीनदा. मग त्याने घरचा नंबर लावला. लंब्याच्या वडिलांनी उचलला.

“काका, मी कुलूप.”

“कोण? अच्छा, तू. अजून जिवंत आहेस?”

“काका, टेबलावर लॅपटॉप आहे का हो?”

“आहे की. वर्षभर जळतोय. किती वेळा सांगितलं सुनेला, बटण बंद कर. ऐकेल तर शपथ.”

त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. “त्याला हात लावू नका, काका. मी निघालोच.”

“मी नाही लावत. पण वायरमन आलाय. न्हाणीघरातला दिवा लागत नाही. तो आता मेन बंद करणार आहे.”

“थांबवा त्याला!”

“का?”

का ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. लॅपटॉप जुना होता. त्याची बॅटरी लंब्या असतानाच मेली होती आणि तो फक्त तारेवर जगत होता; नशिबाने त्या भागात वर्षभर लाइट गेली नव्हती. मेन बंद झाला की लॅपटॉप बंद, आणि चावी कायमची मिटली. “काका, पाया पडतो,” एवढंच तो म्हणाला आणि जिन्याकडे धावला.

रिक्षा सिग्नलला थांबली की तो पुन्हा फोन करायचा. आता तो सारखा व्यस्त लागत होता. रिसीव्हर खाली ठेवायचा राहिला असेल, हे समजत असूनही त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, मेनच्या खटक्यावर ठेवलेलं कोणाचं तरी बोट. रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारलं, “हॉस्पिटल का?” तो हो म्हणाला. रिक्षावाल्याने गाडी दामटली आणि उतरताना घर पाहून तोंड वाकडं केलं.

दार उघडंच होतं. वायरमन स्टुलावर बसून चहा पीत होता. काका त्याच्यासमोर खुर्ची टाकून, मेनच्या खोक्याला पाठ लावून बसले होते.

“आला बघ,” काका वायरमनला म्हणाले. “आता याला विचार, किती वेळ.”

“माझी पुढची दोन गिऱ्हाइकं थांबलीत,” वायरमन म्हणाला. “मेन बंद केल्याशिवाय मी तारेला हात लावणार नाही. मला बायको-पोरं आहेत.”

आतल्या टेबलावर लॅपटॉप होता. झाकण उघडं, कडेचा हिरवा दिवा चालू, पंख्याचा बारीक आवाज. शेजारी लंब्याचा चष्मा घडी करून ठेवलेला. त्याने एक कळ दाबली. पडद्याने पासवर्ड मागितला. हा चावीचा नाही, लॅपटॉप उघडायचा पासवर्ड. तोही त्याला माहीत नव्हता.

“सुनेला माहीत आहे,” काका म्हणाले. “बोलावलंय. येईल. तुझा फोन का उचलत नव्हती, ते तिलाच विचार.”

ती चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. आली तेव्हा गळ्यात दुकानाचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. तिने चप्पल काढली, त्याच्याकडे पाहिलं आणि आधी वायरमनला विचारलं, “दिवा झाला का?”

“वहिनी,” तो उठून उभा राहिला.

“बसा भाऊजी. वर्षभर उभेच होतात, दाराबाहेर.”

त्याने काय झालं ते सांगितलं. सकाळचा हुकूम, दोन ओळी, सहा वाजताची मुदत. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे माणूस गेला तेव्हा यायला जमलं नाही. मशीन अडली, तेव्हा आलात.”

“हो.”

“निदान खोटं तरी बोला.”

घड्याळात पाच वाजून गेले होते. ती टेबलाशी आली.

“तोंड तिकडे करा. पासवर्ड मी सांगणार नाही.”

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कळा वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या. “या,” ती म्हणाली.

पडद्यावर काळी खिडकी उघडी होती आणि त्यात लंब्याने लिहिलेली शेवटची ओळ. ती अर्धवट होती. पेट्रोल भरून आल्यावर पूर्ण करणार असेल. त्याने ती ओळ तशीच राहू दिली, शेजारी दुसरी खिडकी उघडली आणि मुख्य सर्व्हरचं दार वाजवलं. घाईत नाव दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा सर्व्हरने काही न विचारता आत घेतलं आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे लंब्याच्या नावाने स्वागत केलं. वहिनीने ते स्वागत वाचलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्याने आपली चावी सगळीकडे पुन्हा बसवायचा हुकूम दिला. या वेळी ‘बाकीच्या उडव’ हा भाग तीन वेळा तपासून काढला होता. एकेका पेढीचं नाव पडद्यावर सरकू लागलं, झालं, झालं, झालं. मग प्रमाणपत्रं. बाहेर वायरमन काकांना म्हणत होता, “एवढ्या वेळात मी अख्ख्या घराची वायरिंग बदलली असती.” काका म्हणाले, “मग बदल. पैसे हा देईल.”

शेवटी एक नाव उरलं. घाटापलीकडची एक लहान पेढी. उत्तर नाही. त्याने तिथे फोन केला. परिचारिका म्हणाली, दुपारपासून लाइट नाही, रक्ताचा फ्रीज जनरेटरवर आहे, तुमचं खोकं नाही. सकाळचा चुकीचा हुकूम त्या सर्व्हरला पोचला होता, आताचा दुरुस्त हुकूम पोचला नव्हता. तिथे अजूनही फक्त लंब्याच आत जाऊ शकत होता.

“लाइट आली तरी सहानंतर तुम्हाला बाकीच्या पेढ्या दिसणार नाहीत,” त्याने सांगितलं.

“मग कोणाला काही लागलं तर?”

“फोन करून विचारावं लागेल. एकेका पेढीला.”

“रात्रपाळीला मी एकटीच असते हो,” ती म्हणाली. रागावून नाही, नुसतं कळवावं तसं.

सहा वाजले. बाकीच्या सगळ्या पेढ्या एकमेकींना दिसत राहिल्या, ती एक सोडून. तो तसाच बसून राहिला. दर थोड्या वेळाने तेच दार वाजवायचं, उत्तर नाही. वायरमन उद्या येतो म्हणून कुरकुरत गेला. वहिनीने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला.

“लॅपटॉप अजून चालू ठेवावा लागेल,” तो म्हणाला. “ती पेढी येईपर्यंत.”

“मी कधी बंद केलाय?” ती म्हणाली. “तुम्ही घरी जा. बायको वाट बघत असेल.”

“तुम्ही फोन का उचलला नाहीत?”

“तुमचं नाव दिसलं. वाटलं, लॅपटॉप मागायला केला असेल.”

घाटापलीकडे लाइट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मधल्या रात्री तिथल्या परिचारिकेने एका बाळंतिणीसाठी किती फोन केले, हे तिने त्याला नंतर सांगितलं. पिशवी मिळाली, पण उशिरा. बाई वाचली. या ‘वाचली’ शब्दावर तो अजूनही विसंबत नाही. त्याने दोनदा फोन करून पुन्हा विचारलं आहे.

सकाळीच तो त्या टेबलाशी हजर होता. शेवटचं दार उघडलं आणि आपली चावी बसवली. मग स्वतःच्या लॅपटॉपवरून एकेक दार तपासलं. सगळी उघडली. आता यादीतली शेवटची ओळ काढायची होती. त्याने ते वहिनीला सांगितलं.

“म्हणजे मग याने कुठेच जाता येणार नाही?” तिने टेबलाकडे बोट दाखवलं.

“नाही.”

“काढा.”

त्याने काढली. पडद्यावर पुन्हा सगळी नावं सरकली. ती शेवटचं नाव येईपर्यंत खुर्चीमागे उभी होती. मग तिने स्वतः वाकून बटण बंद केलं. पंखा थांबला. आतल्या खोलीतून काका ओरडले, “लाइट गेली का?”

“नाही, बाबा.”

तिने तार काढून नीट गुंडाळली, रबर लावलं, चष्मा उचलून कपाटात ठेवला आणि लॅपटॉप त्याच्या हातात दिला. “घ्या. कंपनीचा आहे ना.”

कंपनीने वर्षभरापूर्वी मागितलेला लॅपटॉप त्याने अशा रीतीने आणला. साहेबांनी त्याची नोकरी ठेवली, पण चाव्यांचं काम आता दोघांनी मिळून करायचं असा नियम केला. दुसरा माणूस अजून मिळालेला नाही. लॅपटॉप त्याच्या खणात आहे. तो सुरू केला तर आधी स्वतःचा आणि मग लंब्याच्या चावीचा पासवर्ड मागेल, आणि दोन्ही बरोबर दिले तरी आता कुठलंच दार उघडणार नाही. हे त्याच्याइतकं नीट कोणालाच माहीत नाही. तरी संध्याकाळी घरी निघताना तो खणाला कुलूप लावतो.