समजल्याशिवाय सही नाही

मंगळवार होता. मी फायलींना पंच मारत होते. धाग्याच्या कारखान्यातून फोन आला : छातीत कळ आली आणि देसले सर गेले.

देसले सर म्हणजे माझे मिस्टर. ते कॉलेजात शिकवायचे, तिथल्याच पेटंट सेलमध्ये मी क्लार्क, त्यामुळे घरीसुद्धा तोंडात 'सर'च बसलेलं. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांचा एक किस्सा ठेवून जातो. माझ्याकडचे वेगळेच.

*

धागा तुटायच्या आधी इशारा देणारं यंत्र सरांनी बनवलं होतं. अर्ज जायच्या आधी ते चारचौघांना दाखवलं तर पेटंट हातचं जातं, ही ताकीद मी त्यांना रोज डब्याबरोबर द्यायचे. तरी सरांनी ते प्रदर्शनात मांडलं! मी धावत जाऊन वर टेबलक्लॉथ टाकला.

प्राचार्य आले. "यात काय आहे?"

"गुपित आहे, सर."

त्यांनी फीत कापली. सगळ्यांनी टेबलक्लॉथसाठी टाळ्या वाजवल्या!

*

कारखान्याचे मॅनेजर महेशभाई यंत्र बघायला आले. मी गोपनीयतेचा करार पुढे केला.

"अरे बेन, अपने बीच में कागज?"

"करा सही, भाई," सर म्हणाले. "घरी हिच्याशी बोलायचं तरी मला सही करावी लागते!"

*

प्रयोगाच्या वहीत प्रत्येक पानाला साक्षीदार लागतो. 'वाचून समजलं' असं लिहून तो सही करतो. एकदा कोणीच सापडेना, म्हणून सरांनी लॅबचे शिपाई रघूभाई यांना बोलावलं. सुरंगी गावचे.

"समजल्याबिगर सही नाय करणार, सर."

सरांनी तासभर समजावलं. मग रघूभाई म्हणाले, "पन धागा ओला असंल तर?"

सरांनी यंत्र परत उघडलं. आठवड्याभरात यंत्राला ओल ओळखणारा भाग बसला, तेव्हा कुठे ते नीट चाललं.

"आता तुम्ही साक्षीदार नाही, रघूभाई. संशोधक! अर्जात तुमचं नाव घालतो. सोमवारी वहीत लिहितो."

सोमवारी सर घाईत होते.

*

काल प्राचार्यांनी अर्ज समोर ठेवला, सोबत यंत्र सरांनी एकट्यानंच शोधल्याचं निवेदन; वारस म्हणून त्यावर माझी सही हवी. परवा तो पाठवायचा आहे. संशोधकाच्या रकान्यात एकच नाव, सरांचं.

"वहीत दुसऱ्या कोणाची नोंद नाही, ताई. त्यांचं एकट्याचं नाव राहील, तीच आठवण. रघू काहीतरी ओलीचं सांगत होता. ते कोणी ऐकलं होतं का?"

रघूभाई पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सरांनी रघूभाईंना समजावलं, त्या दिवशी मी डबा द्यायला लॅबमध्ये गेले होते. तासभर तिथेच बसले होते.

निवेदनाचा कागद टेबलावर आहे. मी अजून सही केलेली नाही.