हमामखान्याची स्तुती

गुन्सानच्या बाजारात किमची, म्हणजे मुळ्या-कोबीचं तिखट कोरियन लोणचं, विकणाऱ्या ग्वाक जम-रे आजींचं तोंड फटकळ, पण शब्द खरा. मुळा पोकळ निघाला तर गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायच्या, "नेऊ नकोस, बाई." आजी म्हणाल्या म्हणजे तसंच असणार, असं अख्खा बाजार धरून चालायचा. आजींना त्याचा भारी तोरा होता.

रविवारी मैत्रिणींबरोबर हमामखान्यात कढत पाण्यात डुंबायचं, एकमेकींच्या पाठी घासायच्या आणि वर केळ्याच्या स्वादाचं दूध प्यायचं, हा त्यांचा नेम. त्या हिवाळ्यात मालक ग्यु-चोल गॅस वाचवायला लागला. आजींनी मोबाईलवर, गल्लीच्या ॲपवर लिहिलं, "पाणी कोमट आहे. पाठीचा मळ निघत नाही." ग्यु-चोलने बदनामीची तक्रार ठोकली आणि ॲपवाल्यांनी आजींचं लिहिणं चक्क झाकून टाकलं.

आजी तडक चौकीत. "घटनेत बोलायचं स्वातंत्र्य आहे की नाही?"

"आहे ना, आजी," हवालदार म्हणाला. "पण त्याच कलमात खाली दुसऱ्याची अब्रू सांभाळा, असंही आहे."

"अरे, पण मी खरं बोलले!"

"खऱ्यानंही बदनामी होते. लोकांच्या हिताचं असेल तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे माझी पाठ लोकांत धरत नाहीत वाटतं!"

हवालदार वैतागला. "मग चांगलं लिहा की! स्तुतीला कोण अडवतंय?"

एवढं पुरलं. आजींनी लिहिलं, "काय ते पाणी! मुळे ठेवले, आठवडाभर ताजे राहिले." मैत्रिणींना चेव चढला. एक म्हणाली, "नवऱ्याला बुडवला, ताप झटक्यात उतरला." दुसरी म्हणाली, "मासळी आणा, बर्फाचे पैसे वाचतील."

ग्यु-चोल चौकीत धावला. "साहेब, बायका माझी स्तुती करतायत!"

"मग तोंड का पाडलंयस?"

शेवटी तो आजींच्या दुकानात कमरेत वाकून उभा राहिला. "आजी, तुमचं झाकलेलं लिहिणं ॲपवाल्यांना उघडायला सांगतो. पण ही स्तुती आवरा."

"आधी गॅस पेटव."

त्याने पेटवला. रविवारी आजी उकडलेल्या खेकड्यासारख्या लाल होऊन बाहेर आल्या. मनापासून लिहिलं, "पाणी खरंच कढत आहे. या."

खाली नुसता हशा. "आजी, कमाल करता!" "आता काय ठेवलंत, कोबी?" पुढच्या रविवारी एकही बाई फिरकली नाही. आजींना फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची पत आपणच थट्टेत उधळली होती.

त्या हमामखान्याच्या दारात स्टूल टाकून बसल्या आणि लालबुंद हात दाखवायला लागल्या. त्यांची जुनी मैत्रीण ओक-जा थांबली, हात निरखला. "घासून लाल केलायस ना? खरं सांग."

आजी ताडकन उठल्या. तिला मनगट धरून आत नेलं आणि तिचा हात कोपरापर्यंत टाकीत बुडवला.

"आई गं!"

ती किंकाळी बाजारापर्यंत गेली. बायका टॉवेल घेऊन निघाल्या.

"आता हे तूच लिही," आजी म्हणाल्या. "माझं कोण खरं मानतंय?"