सिस्टरमामीची चाकं

सिस्टरमामी कुणाकडे गेली की माणसांआधी दारातल्या गाडीच्या चाकांकडे बघायची. गाडी नसली तर सायकलच्या. "चाकावरून घर कळतं," असं तिचं ठाम मत. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती, त्यामुळे गावाला ती सिस्टर आणि आम्हा भाचरांना सिस्टरमामी. तिचं खरं नाव मला लग्नपत्रिकेत वाचून कळलं.

नव्वदचं दशक सरता सरता मामांनी नांदेडच्या एका डॉक्टरांची वापरलेली गाडी घेतली. घेतली मामांनी, चालवायची मामी. मामा शाळेत मास्तर. क्लच आणि ब्रेक यांतला फरक त्यांना शेवटपर्यंत समजला नाही. मामीला दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं शिकवलं होतं, त्यामुळे भाजीला निघाली तरी मागे कुणी अत्यवस्थ पडलंय अशीच हाकायची. गाडी तशी साधी, पण तिला चंदेरी मॅगव्हील, म्हणजे हलक्या धातूची चकचकीत चाकं होती, फुलासारख्या पाकळ्यांची. मामीचा सगळा जीव त्या चाकांत.

रविवारी सकाळी गाडी कडुनिंबाच्या सावलीत उभी राहायची. मामी आधी चाकाला उलटा हात लावून बघे, लेकराच्या कपाळाला लावावा तसा. गाडी कुठून फिरून आली असेल तर "ताप हाय अजून, आत्ता पानी नको," म्हणून निवांत चहा पीत बसायची. चाक निवलं की आधी नुसत्या पाण्याची धार. रेती-माती हात न लावता वाहून गेली पाहिजे. मग शाम्पूचं पाणी, मऊ फडकं, आणि पाकळ्यांच्या फटींसाठी दाढीचा ब्रश. मामांना वरचेवर नवा ब्रश का लागतो, याचा दुकानदाराला बरेच दिवस उलगडा होत नव्हता. चाकांची बादली वेगळी, गाडीच्या अंगाची वेगळी. एक चाक धुऊन, कोरडं पुसून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

"जखम आदी धुवायची, मंग पुसायची," मामी सांगायची. "कोरडी घासली की चरचरती."

एकदा गाड्या धुणाऱ्या एका पोरानं मोठ्या उत्साहानं ॲसिडची बाटली काढली. "सिस्टर, एक हात मारतो, काचेवानी करून देतो."

"काहून रे? संडास हाय का त्यो?" मामी म्हणाली. "आदी सोताच्या गालाला लाव, मंग माझ्या चाकाला."

पोरगं हसलं. त्यानंतर मामीची गाडी दिसली की ते बाटली पाठीमागे लपवायचं.

पण या चाकांपायीच आमच्या घरात एक मोठा रुसवा झाला. गाडी घरी आली त्याच सुमारास आम्ही साखऱ्याला गेलो, मामांच्या थोरल्या बहिणीकडे. ती माझी थोरली मावशी, मामीची अक्का. वाटेत काळ्या मातीनं चाकं बरबटून वाळली होती. भावाची गाडी बघून मावशीला उचंबळून आलं आणि ती पदरानंच चाक पुसायला लागली. मामी किंचाळली, "अक्का, हात लावू नका!"

मावशीनं हात मागे घेतला. लहानपणी गावच्या आडावर हेच शब्द तिनं ऐकले होते, आमच्या सगळ्याच थोरांनी ऐकले होते. "लोकांनी म्हनलं ते म्हनलं," ती म्हणाली, "आता भावाच्या घरातून बी तेच ऐकायचं व्हय?"

रेतीनं चरे पडतात म्हणून बोलले, असं मामीनं परोपरीनं सांगितलं, पुढे मुद्दाम साखऱ्याला जाऊनही सांगितलं. मावशी चहा द्यायची, उत्तर द्यायची नाही. आणि हिंगोलीला यायची तर नाहीच.

काही वर्षांनी मामीच्या प्रज्ञाचं लग्न ठरलं. हॉल, जेवण, पाहुणे या कशाचीच मामीला काळजी नव्हती. तिला एकच घोर होता. "अक्काबिगर लेकरू सासरी धाडू कसं?" येईल त्याला ती हेच विचारायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी मावशी आली. मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगाशी बसली आणि चिंच, मीठ, राख घेऊन तिनं लग्नघरचं सगळं पितळ-तांबं लखलखीत करून टाकलं. मामी येता-जाता नुसती तिच्याकडे बघत होती. हाक मारायची तिची छाती होत नव्हती.

सकाळी मी बाहेर आले तर मामा दारात तोंडावर हात ठेवून उभे. गाडीपाशी मावशी बसलेली, हातात काथ्या, पुढ्यात राखेची वाटी. तीन चाकं घासून झाली होती. त्यांची चंदेरी झिलई पार गेली होती आणि पाकळ्यांवर चऱ्यांचं जाळं उठलं होतं.

तेवढ्यात मामी बाहेर आली. मावशी तिच्याकडे न बघताच म्हणाली, "पोरीच्या पाठवणीची गाडी हाय. म्हनलं, जरा उजळून द्यावं."

मामीच्या तोंडून एक वेडावाकडा शब्द गेला असता तर मावशीनं साखऱ्याची पहिली एसटी धरली असती, आणि मग कायमचीच. मामीनं घासलेली चाकं एकेक करून पाहिली. मग साडी खोचली, मावशीला खेटून बसली आणि वाटीतली राख मुठीत घेतली.

"सरका जरा, अक्का. एकट्याच काहून करून राहिल्या?"

आणि तिनं चौथं चाक घासायला घेतलं. करकर आवाज माझ्या काळजाला लागत होता, तिच्या काळजाचं काय झालं असेल कुणास ठाऊक. मावशीनं वाटी तिच्याकडे सरकवली. "जोर लाव की गं," ती म्हणाली.

"लावते, अक्का."

मला रडू फुटलं ते तिथेच. प्रज्ञाच्या पाठवणीला अजून पुष्कळ वेळ होता.

दुपारी लग्नाच्या पांढऱ्या साडीतल्या प्रज्ञाला घेऊन मामी स्वतः गाडी चालवत तिच्या सासरी, जवळा बाजार गावाला गेली. पुढच्या सीटवर पाठराखीण म्हणून मावशी होती.

मावशी वारली त्या वर्षी मामांनी सहज म्हटलं, "गाडीला नवी चाकं टाकू या का?" मामी त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.